बांगडा, आमसूल आणि अवलोकितेश्वर

मलेशियाच्या पेनांग बेटावर आयेर इताम नावाची एक जुनी वस्ती आहे. जॉर्ज टाऊनमधून 204 क्रमांकाची बस अर्ध्या-पाऊण तासात तिथे सोडते. उतरल्याबरोबर बाजाराची गर्दी, आंबट-तिखट रश्श्याचा वास, प्लास्टिकच्या स्टुलांवर दाटीवाटीनं बसून भुरके मारणारी माणसं. आणि या सगळ्यांच्या माथ्यावर, डोंगरउतारावर पसरलेलं केक लोक सी, मलेशियातलं सर्वांत मोठं बौद्ध देवस्थान. बाजार जिथे संपतो तिथेच देवळाची चढण सुरू होते आणि चढणीच्या दुतर्फा पुन्हा दुकानंच लागतात.

सहल कंपन्या मात्र या दोन गोष्टींची फारकत करतात. सकाळी देवळं, दुपारी हॉटेलात विश्रांती, संध्याकाळी रस्त्यावरचं खाणं. मला ही फारकत पटत नाही. पेनांगची देवळं आणि पेनांगच्या खाद्यगाड्या एकाच माणसांनी, एकाच गरजेतून उभ्या केल्या. घरदार मागे टाकून, समुद्र ओलांडून, बहुधा एकटेच आलेले हे लोक होते. त्यांना दोन वेळचं शिजवलेलं अन्न हवं होतं आणि पाठीवर हात ठेवणारं कुणीतरी हवं होतं. पहिली गरज रस्त्यानं भागवली, दुसरी क्वान इम या देवतेनं. म्हणून हे दोन्ही एकाच दिवसात पाहावं, शक्यतो पायी आणि पोटात जागा ठेवून.

11 ऑगस्ट 1786 रोजी फ्रान्सिस लाइट यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनं हे बेट ताब्यात घेतलं. त्याआधी ते केडाच्या सुलतानाचं होतं. कंपनीला कलकत्ता आणि चीन यांच्या वाटेवर बंदर हवं होतं. बंदर वसलं तशी माणसं आली. फुकिएन आणि क्वांगतुंगमधून चिनी आले, तमिळ किनाऱ्यावरून मुसलमान व्यापारी आणि हमाल आले, ब्रह्मदेश, सयाम, सुमात्रा इथूनही आले. पुढे समोरच्या मुख्य भूमीवर, पेराकमध्ये, कथलाच्या खाणी जोरात सुरू झाल्या आणि मजुरांचे जथेच्या जथे पेनांगमार्गे तिकडे जाऊ लागले.

या मजुरांजवळ स्वयंपाकघर नव्हतं. एका खोलीत कित्येक जण झोपायचे. चूल मांडायला जागा नाही, रांधायला बाई नाही, वेळ तर नाहीच. तेव्हा अन्नच त्यांच्याकडे चालत आलं. खांद्यावर कावड, एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला कालवणाची भांडी, अशा थाटात तमिळ मुसलमान विक्रेते गोदीवर फिरत. त्यांचाच नासी कांदार आज पेनांगचा मानबिंदू झाला आहे. भातावर तीन-चार वेगवेगळ्या रश्श्यांचा पूर करून घ्यायचा, ही तो खाण्याची खरी रीत. चिनी विक्रेतेही कावडीच घेऊन फिरत, एका बाजूला शेगडी आणि दुसऱ्या बाजूला नूडल्स. एक विक्रेता एकच पदार्थ करी, कारण कावडीवर दुसऱ्याला जागाच नसे. आजही पेनांगच्या कॉफीच्या दुकानांत, ज्यांना तिथे कोपितियाम म्हणतात, हीच व्यवस्था आहे. दुकानाचा मालक फक्त चहा-कॉफी विकतो आणि त्याच्या छपराखाली सात-आठ गाड्या लागतात. प्रत्येकीवर एकच पदार्थ. कुठे दोन पिढ्या, कुठे तीन.

जॉर्ज टाऊनमधल्या एका रस्त्याला पूर्वी पिट स्ट्रीट म्हणत. त्याच्यावर आणि त्याच्या आजूबाजूला थोड्याशा अंतरात 1801 मध्ये स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद, 1818 चं सेंट जॉर्ज चर्च, 1833 चं मारिअम्मन मंदिर आणि क्वान इमचं देऊळ आहे. हे शेवटचं फुकिएन आणि कँटन इथल्या लोकांनी 1800 च्या सुमारास मिळून बांधलं. सकाळी सातलाच तिथे उदबत्त्यांचा धूर इतका दाट असतो की डोळे चुरचुरतात. कामावर जाणारी माणसं स्कूटर बाजूला लावतात, मूठभर उदबत्त्या पेटवतात, तीनदा वाकतात आणि निघून जातात. दोन मिनिटांचं काम. बाहेर लगेच नाश्ता.

महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकाला इथे अवघडल्यासारखं होणं शक्य आहे. आपल्याकडच्या विहारात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पांढरी वस्त्रं, त्रिशरण आणि पंचशील असतं. इथे ड्रॅगन आहेत, लाल कंदील आहेत, नवस आहेत, आणि गाभाऱ्यात बुद्धाऐवजी एक स्त्रीरूप देवता आहे. हा बौद्ध धर्म कुठला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर शोधायला चीनला जावं लागत नाही. ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे.

तिथल्या कान्हेरीच्या 90 व्या लेण्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचं एक शिल्प आहे. मध्ये तो उभा, आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं त्याला हाक मारत आहेत. असंच शिल्प अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात आहे. माझ्या मते सगळ्यांत देखणं आहे ते औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्याच्या दाराशी. आग, चोर, बेड्या, सिंह, साप, हत्ती, पिशाच आणि जहाज फुटणं, ही ती आठ महाभयं. सहाव्या शतकाच्या आसपासच्या शिल्पकारानं त्या चौकटीत लाटांवरची नाव आणि हात जोडलेले प्रवासी कोरले आहेत. सोपारा, कल्याण, चौल इथल्या माणसांनी कान्हेरीला दानं दिल्याचे शिलालेख आहेत. ही बंदरांची गावं. जहाज बुडणं म्हणजे काय, हे तिथल्या व्यापाऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हाच अवलोकितेश्वर सद्धर्मपुंडरीक सूत्रातून चीनला गेला. कुमारजीवानं त्या सूत्राचं चिनी भाषांतर इसवी सन 406 मध्ये केलं. त्यातल्या पंचविसाव्या प्रकरणात आगीतून, वादळातून, बेड्यांतून सोडवणारा हाच बोधिसत्त्व आहे. पुढच्या शतकांत चिनी मनानं त्याला हळूहळू स्त्रीरूप दिलं आणि फुकिएनच्या दर्यावर्दी लोकांनी त्या रूपाला आपल्या गलबतांवर घेतलं. पेनांगच्या धक्क्यावर उतरलेल्या मजुरानं जिच्यापुढे पहिली उदबत्ती लावली ती क्वान इम म्हणजे कान्हेरीच्या भिंतीवरचा तो बोधिसत्त्वच. मधली वाट समुद्राची होती आणि ती फार जुनी होती. 1834 मध्ये जेम्स लो या ब्रिटिश अधिकाऱ्याला पेनांगसमोरच्या मुख्य भूमीवर एक शिळा सापडली. तिच्यावर मधोमध छत्रावली असलेला स्तूप कोरलेला आहे आणि पाचव्या शतकातल्या लिपीत संस्कृत मजकूर आहे. रक्तमृत्तिका इथे राहणाऱ्या बुद्धगुप्त नावाच्या महानाविकानं प्रवास सफळ व्हावा म्हणून केलेली ही प्रार्थना. रक्तमृत्तिका हे ठिकाण आजच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात होतं, असं मानतात. शिळा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. लाइटच्या तेराशे वर्षं आधी या किनाऱ्यावर एक खलाशी तेच मागत होता.

दिवसाच्या पूर्वार्धात पुलाउ तिकुस भागातली दोन देवळं सहज होतात. ती एकाच गल्लीत समोरासमोर आहेत. ब्रह्मी धम्मिकाराम 1803 मधलं, बेटावरचं सर्वांत जुनं थेरवादी देऊळ. समोर सयामी वाट चायामंगकलाराम, 1845 मधलं, 33 मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धासाठी प्रसिद्ध. ही दोन्ही थेरवादी. आपल्याकडच्या विहाराची सवय असलेल्या माणसाला इथे पाली ऐकू येते आणि जरा घरी आल्यासारखं वाटतं. बाबासाहेब डिसेंबर 1954 मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, त्या परंपरेचीच ही शाखा. तिथून आयेर इतामला जाऊन जेवायचं.

जेवायचं ते आसाम लाक्सा. या नावाचा आपल्या आसामशी काही संबंध नाही. या पदार्थावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोकणी माणसानं तो चमचाभर चाखला तरी त्याला आश्चर्य वाटेल. लाक्साचे मलेशियात पुष्कळ प्रकार आहेत आणि बरेचसे नारळाच्या दुधातले. पेनांगच्या लाक्सात नारळ नसतो. त्याचा पाया आहे बांगडा. मलायमध्ये ज्याला कंबोंग म्हणतात तो आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात परत टाकतात. आंबटपणा दोन गोष्टींचा, एक चिंच आणि दुसरी आसाम कपिंग, म्हणजे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. वनस्पतिशास्त्रात त्या झाडाचं नाव गार्सिनिया अ‍ॅट्रोव्हिरिडिस आणि आपल्या कोकमाचं गार्सिनिया इंडिका. एकाच कुळातली भावंडं. रत्नागिरीतली बाई बांगड्याच्या कालवणात आमसुलं टाकते, पेनांगची बाई त्याच माशात आमसुलाची चुलत बहीण टाकते. वाटणात मिरची, छोटे कांदे, गवती चहा, आल्याच्या जातीचं गलांगल आणि बलाचान असतं. बलाचान म्हणजे जवळा मीठ लावून, आंबवून, उन्हात वाळवून केलेल्या वड्या. आपण जवळा सुकवून थांबतो, ते एक पायरी पुढे जातात.

इथवर ओळखीचं. पुढे बुंगा कांतान येतं आणि सगळं बदलतं. ही आल्याच्याच घराण्यातल्या एका उंच झाडाची गुलाबी कळी. ती बारीक चिरून टाकली की माशाच्या वासावर एक फुलाचा, किंचित लिंबासारखा गंध तरंगायला लागतो. कसूम नावाचा एक तिखटसर पाला त्याला जोड देतो.

गाडीवर वाडगं कसं भरतात तेही पाहण्यासारखं आहे. जाड, पांढऱ्या तांदळाच्या नूडल्स वाडग्यात घालायच्या, वर उकळता रस्सा ओतायचा, नूडल्स डावेनं थोपवून रस्सा पुन्हा पातेल्यात उलटायचा. असं चार-पाच वेळा. त्यानं थंड नूडल्स आतपर्यंत तापतात आणि रस्सा त्यांच्यात मुरतो. मग काकडी, अननस आणि कांद्याचे लांब तुकडे, पुदिना, लाल मिरची आणि शेवटचा रस्सा. सोबत एका चमच्यात हे को, कोळंबीपासून केलेला काळा, गोडसर, काकवीसारखा दाट पाक. तो थोडा थोडा मिसळत खायचा. एकदम मिसळला तर सगळं त्याच्याच चवीचं होतं. आयेर इतामच्या बाजाराजवळचा लाक्सा 1950 च्या दशकापासून नावाजलेला आहे. रांग लागते, पण भराभर सरकते. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेल्या आजींनी माझा चमचा पाहिला, हे को तसाच पडलेला होता. त्यांनी बोटानं खूण केली, घाला, घाला. मी घातला. मग त्या समाधानानं आपल्या वाडग्याकडे वळल्या.

पोटभर जेवून देवळाची चढण चढायला लागलं की थोडं जड जातं, पण इथे घाई करू नये. वाटेत कासवांचं तळं आहे. चिनी बौद्धांत बंदिस्त प्राणी सोडवणं हे पुण्याचं काम. त्यातून हे तळं भरलं. बाहेर हिरव्या पालेभाजीच्या जुड्या विकत मिळतात, त्या कासवांना घालायच्या. लहान मुलांचा मुक्काम इथेच असतो.

केक लोक सी बांधलं ते बीओ लीआन या भिक्षूनं. तो फुकिएनमधल्या कुशान पर्वतावरच्या मठातून 1885 मध्ये पेनांगला आला आणि 1887 पासून गावातल्या क्वान इमच्या देवळाचा प्रमुख झाला. तिथली गर्दी आणि गोंगाट साधनेला पोषक नव्हता. त्यानं आयेर इतामचा हा डोंगर निवडला. 1890 च्या दशकात काम चाललं आणि 1905 मध्ये मुख्य बांधकाम पुरं झालं. नाव ठेवलं अमिताभ बुद्धाच्या सुखावती लोकावरून. आदल्या वर्षी छिंग सम्राट ग्वांगशूनं शाही फलक आणि चिनी त्रिपिटकाचे ग्रंथ पाठवले होते.

पैसा कुणाचा? पाच धनाढ्यांचा मोठा वाटा होता आणि त्यांच्या प्रतिमा देवळात आहेत. त्यांतला चाँग फात त्झे हा पेनांगमधला चीनचा उपवाणिज्यदूत, ज्याची निळी हवेली आज पर्यटक पाहायला जातात. दुसरा चुंग केंग क्वी, पेराकच्या खाणींचा सम्राट आणि हाय सान या गुप्त मंडळाचा म्होरक्या. त्या काळी मलायातल्या चिनी श्रीमंतीचे मोठे झरे म्हणजे कथील आणि सरकारकडून घेतलेले अफूचे मक्ते. अफू यायची हिंदुस्थानातून आणि ओढायचा खाणीतला मजूर. दिवसभर कंबरभर पाण्यात उभं राहून कमावलेलं तो रात्री धुरात उडवायचा आणि त्याचा मोठा हिस्सा मक्तेदाराच्या तिजोरीत जायचा. त्या तिजोरीतून हे देऊळ उभं राहिलं. हे सांगितल्यानं देवळाचं पावित्र्य कमी होतं असं मला वाटत नाही. पण ते न सांगणं त्या मजुरांवर अन्याय होईल. पाच जणांच्या प्रतिमा आहेत. बाकीच्यांच्या नाहीत, आणि देऊळ त्यांचंही आहे.

देवळाची शान म्हणजे 1930 मध्ये पूर्ण झालेला सात मजली, दहा हजार बुद्धांचा पॅगोडा. पाया चिनी अष्टकोनी, मधला भाग सयामी, कळस ब्रह्मी. सयामचा राजा सहावा राम यानं त्याची कोनशिला बसवली. सकाळी पाहिलेलं ब्रह्मी देऊळ, सयामी देऊळ आणि गावातलं चिनी देऊळ, तिन्ही इथे एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. महायान आणि थेरवाद यांच्यातला भेद विद्वानांनी ग्रंथोग्रंथी मांडला आहे. पेनांगच्या गवंड्यांनी तो एका इमारतीत मिटवला. आतला जिना अरुंद आहे, पण वरून आयेर इतामची छपरं, जॉर्ज टाऊन आणि पलीकडचा समुद्र असं सगळं दिसतं.

आवारात एका खडकावर चिनी सुधारक कांग यूवेई याच्या हस्ताक्षरातली अक्षरं कोरलेली आहेत. मातृभूमीला विसरू नका, असा त्यांचा आशय. चीनमधून परागंदा झालेला हा माणूस काही काळ पेनांगला आसऱ्याला होता. त्याचा राजकीय विरोधक सुन यत-सेन यानंही 1910 मध्ये याच शहरात बैठक घेऊन पुढच्या उठावाची आखणी केली.

आणखी वर, तिरक्या लिफ्टनं गेलं की कांस्याची क्वान इम. उंची 30.2 मीटर, 2002 मध्ये पूर्ण झालेली. आधीची पांढरी मूर्ती आगीत खराब झाली, तिच्या जागी ही. डोक्यावर नंतर बांधलेला प्रचंड मंडप आहे. मला ही मूर्ती गावातल्या धुरकट गाभाऱ्यातल्या मूर्तीइतकी भावली नाही. आकारानं छाती दडपते, जवळीक होत नाही. लोकांना मात्र होते. रंगीत फितींवर इच्छा छापलेल्या असतात, त्या घेऊन झाडाला बांधतात: परीक्षा, प्रकृती, लग्न, धंदा. आठ महाभयांची यादी काळानुसार बदलली आहे, एवढंच.

या भक्तीचा ताटाशी थेट संबंध आहे. क्वान इमला मानणाऱ्या अनेक चिनी घरांत गोमांस वर्ज्य असतं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक शाकाहार पाळतात. केक लोक सीच्या आवारातही शाकाहारी उपाहारगृह आहे. शाकाहारी मराठी प्रवाशानं आपल्या भेटीची तिथी पाहून जावं, सोय होते. सगळ्यांत मोठा सोहळा असतो नऊ सम्राट देवांच्या उत्सवाचा. तो खरं तर ताओपंथी आहे, पण अशा वेळी सीमा कोण पाहतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुतेक वर्षी नेमकं आपलं शारदीय नवरात्र. 2024 मध्ये दोन्ही एकाच दिवशी, 3 ऑक्टोबरला सुरू झाले. गाड्यांवर पिवळी निशाणं लागतात आणि लाक्सासुद्धा माशाशिवाय मिळतो. कांदा-लसूणही बंद. चिनी बौद्धांनी वर्ज्य मानलेल्या पाच उग्र गोष्टींत कांद्याच्या भावंडांबरोबर हिंगही आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या आजीला पहिला नियम लगेच कळला असता, हिंगाचा मात्र तिनं मानला नसता. नवव्या रात्री मिरवणुकीनं देवांना समुद्रावर नेऊन निरोप देतात.

संध्याकाळी गावात परतल्यावर चार क्वे त्याव. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्या, मोड आलेले मूग, चिनी लसणाची पात, अंडं, सोया. ज्यांना डुकराची चरबी चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. हेही मजुरांचंच खाणं. स्वस्त, चरबीनं भरलेलं, रात्रीपर्यंत पोट धरून ठेवणारं. चांगला कारागीर एका वेळी एकच ताटली करतो. कढई धुरायला लागेपर्यंत तापवतो आणि मिनिटभरात सगळं उरकतो. दोन ताटल्या एकत्र टाकल्या की कढईची धग मोडते आणि पट्ट्या भाजण्याऐवजी शिजतात. म्हणून थांबावं लागतं. त्यावर उतारा म्हणून थंडगार चेंडोल. केवड्याच्या कुळातल्या पांदानच्या पानानं हिरव्या केलेल्या शेवया, नारळाचं दूध, माडाचा गूळ, बर्फ आणि लाल राजमा.

हे किती दिवस टिकेल, ही काळजी पेनांगला लागली आहे. जुन्या घरांच्या भाड्यांवरचं नियंत्रण 1 जानेवारी 2000 पासून उठलं आणि जॉर्ज टाऊनमधली हजारो कुटुंबं बाहेर फेकली गेली. 2008 मध्ये शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि रिकाम्या घरांची हॉटेलं झाली. गाडीवाल्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारी. ते गेले की उरतो पर्यटक, आणि पर्यटकाला कालचा लाक्सा आठवत नसतो. शेजाऱ्याला आठवतो, आणि बिघडला तर तो तोंडावर सांगतो. शिवाय चुलीपुढे उभं राहायला पुढची पिढी तयार नाही. मुलं शिकली, कचेऱ्यांत गेली. आई-बापांनी त्यासाठीच तर कढई हलवली होती.

गाड्यांवर बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशियातले मदतनीस दिसू लागले, काही ठिकाणी तेच रांधू लागले. तेव्हा राज्य सरकारनं 2016 पासून नियम केला की स्थानिक पदार्थांच्या गाडीवर परदेशी माणूस मुख्य स्वयंपाकी असू नये. चव बिघडते, अशी तक्रार होती. ती खोटी नसावी. आईच्या हाताखाली वीस वर्षं शिकलेला हात आणि महिन्यात तयार केलेला हात यांत फरक पडणारच. तरीही मला हा नियम सलतो. नासी कांदार ज्यानं आणला तो या बेटावर परदेशीच होता. लाक्सा ढवळणाऱ्या बाईची आजी परदेशी होती, बीओ लीआन परदेशी होता, आणि गावातल्या देवळातली क्वान इमही गलबतातून आलेली. त्यांतल्या कुणालाही कुणी महिन्यात तयार केलं नव्हतं. त्यांना इथे राहू दिलं, घरं करू दिली, मुलं वाढवू दिली, तेव्हा कुठे चव बसली. आजच्या मदतनिसाला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो. मुदत संपली की परत जावं लागतं आणि कुटुंब आणता येत नाही. शिकवायचंच असेल तर त्याला आधी राहू द्यावं लागेल. तोवर नियमाप्रमाणे तो भांडी घासतो, कांदा चिरतो, टेबलं पुसतो, आणि रात्री गाड्या बंद झाल्यावर आपल्या खोलीवर जाऊन स्वतःसाठी भात टाकतो.